वळणात नाक बाहेर काढणारी गाडी : सस्पेन्शनवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक घाटात जरा जोरात वळवली की मनात धरलेली रेघ सोडून लांबून वळते, म्हणजेच अंडरस्टिअर करते. म्हणून पूर्ण पान याच विषयाला दिलं आहे. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो अशी गाडी धरावी : पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई).

प्रश्न (चिपळूण) : माझी २०१९ ची स्विफ्ट ६८ हजार किलोमीटर चालली आहे. कुंभार्ली घाट उतरताना तीव्र वळणावर स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी गाडी बाहेर सरकत राहते. गॅरेजवाले लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि स्ट्रट ब्रेस (बोनेटखाली दोन स्ट्रटची डोकी जोडणारी दांडी) घाला म्हणतात. घालू का?

उत्तर : आत्ता दोन्ही नकोत. आधी गाडी अशी का वागते ते बघू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल.

इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे रिकाम्या गाडीचं साधारण ६० ते ६३ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच, आणि ब्रेकचं बरंचसं कामही त्यांच्याकडेच. टायरची पकड म्हणजे महिन्याचा बांधलेला पगार समजा. ब्रेकवर खर्च झाला तेवढा वळणासाठी उरत नाही. तुम्ही उतारावर ब्रेक धरून वळत असाल तर नेमकं हेच होतंय, आणि त्यावर कुठलाही पार्ट घालून इलाज नाही. वळणाच्या आधी वेग उतरवा, दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेक सोडत सोडत स्टिअरिंग फिरवा.

आता वजनाचं. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं. चालकासह हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आणि वळणाचा जोर ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) धरला, तर जवळपास २१२ किलो इकडून तिकडे जातात. स्प्रिंग बदला, स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) बदला, शॉकअप बदला, हा आकडा जवळजवळ हलत नाही. आपल्या हातात एवढंच असतं, की त्यातले किती किलो पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या. टायरवर वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या टोकाला जास्त वजन सरकतं ते टोक आधी सुटतं. आपल्या गाड्यांत सगळा भार येऊन पडतो तो पुढच्या बाहेरच्या टायरवर. या पानावरचं प्रत्येक उत्तर त्या एका टायरचं ओझं कमी करण्याबद्दल किंवा त्याला जमिनीवर नीट टेकवण्याबद्दल आहे.

६८ हजारांच्या गाडीत आधी काय थकलंय ते शोधा. पुढचं चाक उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर हात घालू नका) आणि चाक बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी प्ले असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड नाहीतर रॅक. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) मागचा बुश (रबरी सांधा) टॉमीने रेटून बघा. रबर बाहेरच्या नळीपासून सुटलेलं किंवा चिरलेलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि अलाइनमेंट कितीही केली तरी टिकत नाही. स्टॅबिलायझर बारची लिंक रॉड आणि डी-बुशही बघा. खराब रस्त्यावर हळू जाताना खट-खट आवाज येतो तो बहुधा यांचाच.

शॉकअपवर तेलाचा ओलसर पापुद्रा असेल तर चालतं, थेंब ओघळलेला असेल तर तो गेला. बोनेटचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळे करतात, पण तिच्यात पूर्ण मेलेलाच शॉकअप सापडतो. अर्धा थकलेला आरामात पास होतो. ६० ते ८० हजारांच्या दरम्यान आपल्या रस्त्यांवर तो थकलेला असण्याचीच शक्यता जास्त. वळणात एखादा उंचवटा आला की गाडी एक पाऊल बाहेर उडी मारते का, ते बघा. मारत असेल तर चारही शॉकअप बदला. फक्त पुढचे दोन बदलू नका.

बदलताना गॅरेजमध्ये उभं राहा, कारण नवे शॉकअप बसवतानाच बिघडतात. पिस्टन रॉड फिरू नये म्हणून पक्कडीत धरला की क्रोमवर ओरखडा उठतो. तो ओरखडा वर-खाली जाऊन सील कापतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर येतं. वरचा नट एअर गनने आवळतानाही रॉड आत गरगर फिरतो. रॉडच्या टोकाला चावी लागायची जागा असते, ती धरून हाताच्या पान्यानेच नट कसायचा. दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पूर्ण लांबीभर चार-पाच वेळा दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे आडव्या खोक्यात शिरलेली हवा वर निघून जाते. वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग आणि बंप स्टॉप (चाल संपते तिथला रबरी ठोकळा) नवे घाला. मजुरी तीच लागते. स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीच्या खाचेत बसलंय ना, हे स्वतः बघा.

एवढं झालं की टायर, मग अलाइनमेंट, मग मागचा बार. स्प्रिंगांचा नंबर शेवटचा.

प्रश्न (पुणे) : स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर आहेत. ताम्हिणीत वळणाला ते दुमडल्यासारखे वाटतात. थेट १७ इंची अलॉय घालावेत का?

उत्तर : नको. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते, तिथपर्यंत जा. टायरची बाजूची भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते. चाकाचा पूर्ण व्यास ६१९.६ वरून ६२१.५ मिलिमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस कशालाच त्रास नाही. आणखी थोडी धार हवी असेल तर ६ इंच रुंदीच्या रिमवर १९५/६० आर१५ (व्यास ६१५) किंवा १९५/५५ आर१६ (६२०.९) बसतात. यापुढे चाकाचं वजन वाढतं. खड्ड्यात जड चाक सावरणं शॉकअपला जमत नाही आणि रिमही वाकते.

रुंदीपेक्षा रबराचा दर्जा महत्त्वाचा. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. एकाच कंपनीचे दोन टायर तुलनेला घेतलेत तर कमी आकड्याचा साधारणपणे जास्त चिकटतो आणि लवकर झिजतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका, चाचणी जो तो आपापली करतो. तारीख बघून घ्या : २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. रिम घेताना ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा) मूळ आकड्याच्या जवळ ठेवा. चाक बाहेरच्या बाजूला सरकलं की स्टिअरिंगला हिसके बसतात, बेअरिंगवर ताण येतो. स्पेसर (चाकामागे घालायची चकती) तर घालूच नका.

प्रश्न (नाशिक) : माझी आय-ट्वेंटी, भावाची पोलो. दोघांच्याही पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा झिजलाय. अलाइनमेंटवाला म्हणतो, “कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, फक्त टो होतो.” खरं आहे का?

उत्तर : कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर दिसणारा चाकाचा कल (वरची बाजू आत झुकली तर उणे), टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. गाडी कारखान्यातून आली तशी असेल तर खरं आहे. पण उपाय आहे, आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडतो.

मॅकफर्सन स्ट्रटची अडचण अशी की गाडी वळणात झुकली की बाहेरचं चाकही बरंचसं तिच्याबरोबर झुकतं. उभं असताना कॅम्बर शून्याच्या आसपास असेल, तर तीन अंश झुकल्यावर टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि आतला अर्धा ट्रेड नुसता सोबत फिरतो. तुमचे खांदे झिजलेत ते यामुळेच. हवा कमी ठेवत असाल तर त्यात भर पडते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा २ पीएसआय जास्त, तीही सकाळी थंड टायरमध्ये, इथून सुरुवात करा.

आय-ट्वेंटीत आणि स्विफ्टमध्ये स्ट्रट नकलला (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या ओतीव भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असतो. त्यातला वरचा बोल्ट काढून कॅम्बर बोल्ट घालायचा. याची मधली दांडी बारीक असते आणि तिच्यावर एक कॅम असतो. तो फिरवला की नकलचा वरचा भाग आत सरकतो आणि साधारण दीड अंशापर्यंत कॅम्बर मिळतो. मूळ बोल्टचा व्यास मोजूनच जोडी मागवा. “सगळ्या गाड्यांना चालतो” असं म्हणून विकला जाणारा बोल्ट घेऊ नका.

काम असं. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी सोडवा. बोल्ट निघाला की नकल बाहेर कलंडतं. तेव्हा ते तारेने बांधून ठेवलं नाही तर होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. नकल आणि स्ट्रट जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज आणि रंग वायर ब्रशने साफ करा. हे टाळलं की पहिल्या मोठ्या खड्ड्यात बोल्ट सरकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खालचा बोल्ट नुसता टेकवा, वरचा फिरवून हवा तो कॅम्बर आणा आणि चाकाची वरची बाजू आत दाबून धरूनच दोन्ही कसा. कॅम्बर बोल्ट बारीक असल्यामुळे त्याला मूळ बोल्टचा टॉर्क लावायचा नाही. सोबतच्या कागदावर असेल तोच, टॉर्क पान्याने. नट आणि स्ट्रट यांवरून ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढे ती तुटलेली दिसली की बोल्ट हलला समजा. टायरची वरची कड आणि स्ट्रट यांत निदान ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. रुंद टायर घातला असेल तर ही फट आधीच कमी झालेली असते.

किती ठेवायचा? रोजच्या गाडीला उणे १.२ ते उणे १.५ अंश, हौशीने घाटात जाणाऱ्याला उणे १.८ पर्यंत. डाव्या-उजव्यात ०.३ अंशापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. “आतून टायर खाईल” अशी भीती घालतात, पण टायर खातो तो मुख्यतः चुकलेला टो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून टो नेहमी सगळ्यात शेवटी. पुढे एकूण टो शून्य ठेवा. एखादा मिलिमीटर टो-आउट दिला तर स्टिअरिंग चटकन उत्तर देतं खरं, पण द्रुतगती मार्गावर गाडी भटकायला लागते.

घरी ताडून बघायला ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर गाडी, स्टिअरिंग सरळ. फेंडरवरून ओळंबा असा सोडा की दोरी टायरच्या फुगवट्याला टेकणार नाही. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. १५ इंची रिमच्या बाहेरच्या कडा साधारण ४०० मिलिमीटरवर असतात. त्यामुळे ७ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. वरचं अंतर जास्त असेल तर कॅम्बर उणे आहे.

भावाच्या पोलोचं मात्र वेगळं. तिथे स्ट्रट नकलच्या कडीत घुसवून एकाच बोल्टने आवळलेला असतो, कॅम्बर बोल्टला जागाच नाही. तिला वरून सरकणारी कॅम्बर प्लेट लागते. तीत रबराऐवजी धातूचं बेअरिंग असल्यामुळे केबिनमध्ये आवाज येतो. निव्वळ रस्त्यासाठी भावाने टायर आणि मागचा बार यांवर थांबावं.

प्रश्न (कोल्हापूर) : मागे अँटी-रोल बार (म्हणजे स्टॅबिलायझर बारच) घातला की अंडरस्टिअर जातो असं वाचलं. बलेनोला कितीचा घालू? आंबोलीत पावसात गाडी फिरणार तर नाही ना?

उत्तर : वाचलंत ते बरोबर, आणि शंकाही बरोबर.

मागची बाजू वळणात पिळली जायला जितकी कडक, तितके किलो मागची जोडी स्वतःवर घेते आणि पुढच्या बाहेरच्या टायरची सुटका होते. दुसरा फायदा कमी बोलला जातो. पुढचं आतलं चाक जमिनीवर जास्त दाबून राहतं, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की ते जागेवर फिरत नाही. जोराच्या वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललेलं दिसलं तर घाबरू नका. सरळ रस्त्यावर मात्र दोन्ही चाकं एकत्र वर-खाली होतात, तेव्हा बार काहीच करत नाही. म्हणून स्प्रिंग कडक केल्यावर बसतात तसे दणके याने बसत नाहीत.

जाडीबाबत लोक फसतात. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटर घेतला तर ४६ टक्के जास्त कडक. पोकळ बार असेल तर भिंतीची जाडी विचारा. २४ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर भिंतीचा पोकळ बार २२ च्या भरीव बारपेक्षा किंचित मऊच भरतो, वजनाला मात्र बराच हलका. टोकाला दोन भोकं असतील तर लांबच्या भोकावर सुरुवात करा. हाताची लांबी २०० वरून १८० मिलिमीटर केली की तोच बार २३ टक्के कडक होतो. हलक्या हॅचबॅकला, जिथे बीम स्वतःच बारचं काम करतो, तिथे तुमच्या मॉडेलसाठी बनलेल्यातला सगळ्यात बारीक बार पुरे.

बीमवर वेल्डिंग करू देऊ नका. बीम पिळण्यासाठीच बनवलेला असतो, वेल्डिंगच्या कडेला पत्र्याचा गुण बदलतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथूनच चीर जाते. मधल्या पट्टीला भोकंही नकोत. ब्रॅकेट मूळ भोकांवर किंवा दोन्ही आर्मवर क्लॅम्पने बसणारं हवं. बसवल्यावर गाडी उचला, चाकं पूर्ण खाली लटकू द्या आणि बार सायलेन्सरच्या पाइपला, इंधन टाकीला किंवा हँडब्रेकच्या केबलला टेकतो का ते हात घालून बघा. मग चाकांखाली जॅक देऊन वर दाबूनही बघा. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे.

पावसाचं. वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर येतो. मूळ गाडीत हे कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं, बार घालून आपण तो दाब थोडा सैल करतो. म्हणून तीन अटी. चांगल्या ट्रेडचे दोन टायर मागे. आपल्याकडे पुढचे लवकर झिजतात म्हणून नवी जोडी सरसकट पुढे घालतात, बार असलेल्या गाडीत हा उलटा हिशेब आहे. १.६ मिलिमीटर ही कायद्याची मर्यादा, पण मागे ३ च्या खाली गेलेले टायर पावसाळ्याला नकोत. दुसरी अट, गाडीत ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असेल तर ते चालूच ठेवा. तिसरी, जूनमध्ये बार मऊ, म्हणजे लांबच्या भोकावर न्या, नाहीतर लिंक सोडून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढचा बार जाड करू का, असंही काहीजण विचारतात. साधारणपणे नको, त्याने पुढच्याच टायरवर वजन जास्त सरकतं. झुकणं कमी झाल्यामुळे कॅम्बर वाचतो आणि एखाद्या फार मऊ गाडीत फायदा होतो, हेही खरं. पण कॅम्बर बोल्ट त्याहून स्वस्त आहे.

प्रश्न (ठाणे) : ४० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मिळतायत. एक जण म्हणतो, आहे त्याच स्प्रिंगचा एक आटा काप, फुकटात काम होईल.

उत्तर : कापायचं पहिलं बोलू. सहा कामाच्या आट्यांतला एक गेला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण तिचं टोक ताटलीत नीट बसत नाही. चाक लटकलं की ती जागेवरून सुटते आणि गाडी परत टेकताना वाटेल तशी बसते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर पाणी उतरलेलं पोलाद असतं, कधी मोडेल सांगता येत नाही.

४० मिलिमीटरच्या तयार स्प्रिंगांनीही तोटा होऊ शकतो. गुरुत्वमध्य खाली आला की सरकणारं वजन सात-आठ टक्क्यांनी घटतं, हे खरं. पण मॅकफर्सनमध्ये लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे, बाहेरच्या टोकाला वर, गेला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी खाली बसूनही आधीपेक्षा जास्त झुकायला बघते. त्यात शॉकअपची चाल कमी उरते. वळणात एक खड्डा आला की बंप स्टॉप लागतो. त्या क्षणी पुढची बाजू एकदम दगडासारखी कडक होते आणि तोच बाहेरचा टायर सुटतो. म्हणजे अंडरस्टिअर घालवायला निघालात आणि विकत घेऊन आलात.

२० ते २५ मिलिमीटर ही वरची मर्यादा धरा, त्याबरोबर आखूड रॉडचे शॉकअप घ्या (बिलस्टाइनमध्ये बी६ मूळ उंचीला, बी८ खाली आणलेल्या गाडीला). स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तिला आवरायला दमन साधारण १४ टक्के जास्त लागतं. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की गाडी डुलत राहते. काम झाल्यावर बंप स्टॉप कापून बसवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाजू उचलून धरली. मूळ उंचीचे चांगले शॉकअप, कंपनीच्याच दुसऱ्या मॉडेलचा टायर आणि अलाइनमेंट यांत कोणाला बोट ठेवायला जागा नाही. स्प्रिंग किंवा बार घालण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, दाव्याच्या वेळी नको.

प्रश्न (सोलापूर) : मग स्ट्रट ब्रेसचं काय?

उत्तर : आजच्या हॅचबॅकच्या बॉडीत फायरवॉल इतकी जवळ असते की दोन स्ट्रट टॉवर फारसे हलतच नाहीत. बोनेट उघडल्यावर छान दिसतो. तेवढ्याच पैशांत एका चांगल्या टायरचा बराचसा खर्च निघतो.

प्रश्न (म्हापसा) : लोअर आर्मला पीयू (पॉलियुरेथेनचे) बुश घातले. स्टिअरिंग सुधारलं, पण दोन महिन्यांत कुरकुर सुरू झाली. मागच्या बीमलाही घालणार होतो.

उत्तर : रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, आर्म हलला की रबर पिळतं. पीयू बुश चिकटलेला नसतो, नळीवर घसरतो. तिथलं ग्रीस संपलं की कुरकुर. गोव्याच्या पावसात ते लवकर धुतलं जातं. बुश काढा, नळी पुसून कोरडी करा आणि सोबत दिलेलं किंवा सिलिकॉनवालं चिकट ग्रीस आत-बाहेर भरपूर लावा. साधं चॅसी ग्रीस नको.

मागच्या बीमला घालू नका. त्या बुशला एकाच वेळी दोन-तीन दिशांनी लवचीक राहायचं असतं, आणि बऱ्याच गाड्यांत तो तिरका बसवलेला असतो, वळणात बीम जेवढा हवा तेवढाच वळावा म्हणून. तिथे कडक पीयू घातला की बीम अडतो, माउंटिंगवर ताण येतो आणि मागची बाजू आगाऊ सूचना न देता सुटते. नवा मूळ रबरी बुशच घाला.

रबरी बुश घालताना एक गोष्ट हटकून चुकते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच स्थितीत आर्मचे बोल्ट पूर्ण कसले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट नुसते टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा हलवायची आणि मग खालून शेवटचा टॉर्क द्यायचा. पीयूला हा नियम लागू नाही.

प्रश्न (स्टुटगार्ट) : इथे गोल्फ ७ घेतली आहे. हेच सगळं लागू पडतं का?

उत्तर : आधी मागे वाकून बघा. गोल्फ ७ मध्ये ढोबळमानाने ९० किलोवॅटच्या खालच्या इंजिनांना टॉर्शन बीम, त्यावरच्यांना मल्टिलिंक (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे धरणाऱ्या अनेक दांड्या) आहे. मल्टिलिंक असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण मागचा कॅम्बर आणि टो दोन्ही जागेवर बदलता येतात आणि जाड बार सरळ जुन्याच्या जागी बसतो. पुढे पोलोसारखीच कडीची रचना आहे, कॅम्बर बोल्ट चालणार नाही. तुमच्याकडे कागद महत्त्वाचा. ए-बे-ए परवानगी (पार्टला आधीच मिळालेली सर्वसाधारण मान्यता) असलेल्या पार्टचा कागद गाडीत ठेवला की साधारणपणे भागतं. टाइलेगुटाख्टन (पार्टचा तपासणी अहवाल) असलेला पार्ट बसवल्यावर टॉयफसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. दोन्हीपैकी काहीच नसलेला स्वस्त पार्ट घेऊ नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : इतकं सगळं केल्यावर खरंच फरक पडला, की पैसे खर्च केले म्हणून तसं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : एका वेळी एकच गोष्ट बदला. शॉकअप, टायर, बार एकाच शनिवारी बसवले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, ट्रेड संपून भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी खडूने आडव्या जाड रेघा मारा. बऱ्याच टायरवर त्या कडेला छोटा त्रिकोण असतो, तो खुणेला बरा. नेहमीच्या वळणांवरून, नेहमीच्याच वेगाने एक फेरी मारून या आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघा. त्रिकोणाच्या खालीही पुसला असेल तर टायर भिंतीवर लोळतोय : २ पीएसआय हवा वाढवा, तरी तसंच राहिलं तर कॅम्बर अजून कमी पडतोय. त्रिकोणाच्या बराच वर थांबला असेल तर हवा जास्त झाली, १ पीएसआय सोडा. डावा-उजवा वेगळा दिसला तर आधी अलाइनमेंटचा कागद काढा.

गरम टायरची हवा थंडपेक्षा ४ पीएसआयच्या आसपास वाढलेली दिसेल. ती बघून पंपावर हवा सोडून देऊ नका. आकडे नेहमी सकाळचे लिहा, आणि शेजारी गाडीत किती माणसं होती तेही लिहा. मागे दोघं बसली की बार घातलेल्या गाडीचा स्वभाव वेगळा असतो, आणि एकट्याने केलेली चाचणी सहकुटुंब घाट उतरताना लागू पडत नाही.